व्हेनिसचा घेट्टो: गाईड घ्याच, आणि चालताना मान वर ठेवा

तुम्ही विचारलंय, की व्हेनिसमध्ये दीडच दिवस आहे, तर ज्यू घेट्टोचा, म्हणजे ज्यूंना सक्तीने ठेवलेल्या जुन्या वस्तीचा, गाईडेड वॉक घ्यावा की आपलं आपण फिरून यावं. मी दोन्ही केलंय, म्हणून सांगते: गाईड घ्या.

पहिल्या वेळी मी एकटी गेले होते. सांता लुचिया स्टेशनपासून चालत जेमतेम दहा-पंधरा मिनिटं. लाकडी पूल ओलांडला आणि मोठ्या चौकात आले. विहिरी, चार झाडं, बाकं, बॉल खेळणारी पोरं. घेट्टोत पाच सिनेगॉग, म्हणजे ज्यूंची प्रार्थनाघरं आहेत हे वाचून गेले होते, तरी एकही दिसलं नाही. वीस मिनिटांत परतीच्या वाटेला लागले आणि दिवसभर चुटपुट लागून राहिली.

दुसऱ्या वेळी गाईडबाईंनी आम्हाला त्याच चौकात उभं केलं आणि वरच्या मजल्यावरच्या खिडक्या मोजायला सांगितल्या. एका ओळीत पाच उंच खिडक्या. ज्यूंच्या तोराह या धर्मग्रंथाचे पाच भाग, म्हणून पाच. त्यांच्यामागे १५२८ साली उभं राहिलेलं स्कोला ग्रांदे तेदेस्का, म्हणजे जर्मन ज्यूंचं सिनेगॉग. व्हेनिसमध्ये सिनेगॉगला स्कोला म्हणतात. शेजारच्या छपरातून लाकडी घुमटासारखं काहीतरी डोकावतं, ते स्कोला कांतोन. या चौकातली प्रार्थनाघरं राहत्या घरांच्या डोक्यावर बांधली आहेत. प्रार्थना आणि आकाश यांच्यामध्ये कुणाचा संसार येऊ नये हे एक कारण, आणि खाली जागाच नव्हती हे दुसरं. रस्त्यावरून पाहणाऱ्याला काहीच कळत नाही.

जागा का नव्हती, हा या वॉकचा गाभा आहे. २९ मार्च १५१६ रोजी व्हेनिसच्या सिनेटने ठराव केला, की शहरातल्या ज्यूंनी या एका बेटावर राहावं. चहूकडे कालवा, दोन दरवाजे. पहाटे सान मार्को या मुख्य चौकातल्या मनोऱ्याची मारांगोना घंटा वाजली की दरवाजे उघडायचे आणि रात्री बंद व्हायचे. पहारेकरी ख्रिश्चन, त्यांचा पगार मात्र ज्यूंच्या खिशातून. रात्री बाहेर पडण्याची मुभा प्रामुख्याने डॉक्टरांना, कारण आजारी पडल्यावर शहराला तेच लागायचे. इथे पूर्वी तोफांचा ओतकारखाना होता आणि धातू ओतण्याच्या व्हेनेशियन शब्दावरून जागेला ‘जेतो’ म्हणत. जर्मन ज्यूंच्या तोंडी त्याचा ‘घेट्टो’ झाला, असं बहुतेक अभ्यासक मानतात. आज जगभर वापरला जाणारा हा शब्द या चौकातून निघाला. नावांचा एक घोळ आधीच सांगून ठेवते: ज्यू आधी आले ते ‘नव्या’ घेट्टोत, आणि ‘जुना’ घेट्टो त्यांना १५४१ मध्ये मिळाला. नवं-जुनं हे कारखान्याचं, वस्तीचं नाही.

माणसं वाढत गेली, बेट तेवढंच राहिलं. मग घरं वर चढली, सात-आठ मजल्यांपर्यंत, आणि मजले बसवण्यासाठी छतं खाली आणली. एकमेकींना लागून असलेल्या खिडक्यांच्या रांगा पाहिल्या की आतल्या माणसाला हात वर करून आळस तरी देता येत असेल का, असं वाटतं.

आत जाण्याची संधी मिळाली तर अजिबात सोडू नका. संगमरवर वापरायला ज्यूंना मनाई होती, म्हणून भिंतींवर संगमरवराचा भास देणारा गिलावा आहे. स्कोला तेदेस्काची खोली वेडीवाकडी आहे. ते लपावं म्हणून बायकांची गॅलरी लंबगोल केलेली आहे. त्या वाकड्या खोलीत उभं राहिल्यावर मला भरून आलं. मिळेल त्या जागेत सुंदरच करायचं, हा हट्ट तिथे हाताला लागतो. कांतोनमध्ये लाकडी फलकांवर बायबलमधले प्रसंग आहेत, तांबडा समुद्र ओलांडण्याचासुद्धा, पण माणसाची आकृती कुठे नाही.

चौकाच्या कडेला ‘बांको रोस्सो’ अशी पाटी दिसेल. गरीब ख्रिश्चनांना कमी व्याजाने गहाणावर कर्ज देणाऱ्या पेढ्या चालवणं ही ज्यूंना शहरात राहू देण्याची अटच होती. लाल, हिरवी आणि काळी अशा तीन पेढ्या होत्या. राहण्याचा परवानाही मुदतीचा, दर काही वर्षांनी पैसे मोजून नवा करून घ्यायचा. गाईडने फक्त ‘ज्यू सावकार’ एवढं सांगून पुढे नेलं, तर ही अट आवर्जून विचारा.

१७९७ मध्ये नेपोलियनच्या फौजा आल्या, दरवाजे उखडून याच चौकात जाळले. पण इतिहास तिथे संपत नाही. भिंतीवर दुसऱ्या महायुद्धातल्या ज्यूंच्या संहाराच्या स्मरणार्थ शिल्पकार आर्बित ब्लातास यांची ब्राँझची शिल्पं आहेत, तिथे घाई करू नका. १९४३-४४ मध्ये व्हेनिसमधून २४६ ज्यूंना छळछावण्यांकडे नेलं, परतले ८. त्याआधी सप्टेंबर १९४३ मध्ये समाजाचे अध्यक्ष डॉ. जुझेप्पे योना यांनी, ज्यूंच्या नावांची यादी जर्मनांच्या हाती पडू नये म्हणून, स्वतःचा जीव दिला. चौकातल्या वृद्धाश्रमातले म्हातारेही सुटले नाहीत. त्यांच्याबरोबर रब्बी (ज्यू धर्मगुरू) अदोल्फो ओत्तोलेंगी गेले. त्यांची दृष्टी जवळजवळ गेलेली होती.

आता व्यवहाराचं. शनिवारी शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, म्हणून घेट्टोतलं ज्यू म्युझियम आणि सिनेगॉग पर्यटकांना बंद. ज्यू सणांनाही तसंच, आणि शुक्रवारी दुपारनंतरचा बेत आखू नका. म्युझियमच्या वॉकमधूनच सिनेगॉगच्या आत जाता येतं, बाहेरचे काही गाईड चौकातूनच परत आणतात, तेव्हा पैसे भरण्याआधी “आत नेणार का, कोणत्या?” हे विचारून घ्या. दुरुस्तीमुळे एखादं बंद असू शकतं. पुरुषांनी डोकं झाकायचं, आत फोटो काढायचे नाहीत. जिने अरुंद आणि बरेच आहेत, सोबत गुडघेदुखीचं कुणी असेल तर आधीच कळवा.

वॉक संपल्यावर लगेच सान मार्कोकडे पळू नका. जुन्या घेट्टोच्या गल्लीतून कान्नारेज्जो कालव्याकडे निघा. वाटेत भिंतीत १७०४ सालचा शिलालेख आहे: ज्यूंपैकी ज्यांनी ख्रिस्ती धर्म घेतला, त्यांनी घेट्टोत पाऊल ठेवू नये, नाहीतर शिक्षा. पुढे बुटकं छत असलेला बोळ कालव्यावर उघडतो. तिथे दाराच्या चौकटीकडे नीट पाहा. बिजागऱ्यांच्या खोबणी अजून दगडात आहेत, बोट घालून पाहता येतं.