लातूरहून रत्नागिरीतल्या वेळासला, समुद्री कासवं बघायला, पहिला ग्रुप नेताय?

ताई, बिनधास्त न्या. पहिल्या खेपेला माणसं मात्र मोजकीच. बस भरायचा मोह सगळ्यांनाच होतो. मुक्काम गावातल्या घरीच करा. कासवं टिकली तर गावाला चार पैसे मिळतात, म्हणून गाव ती जपतं.

- गाडी वाळूवर घालू नका. ऑलिव्ह रिडले जातीच्या या कासवांची अंडी जेमतेम दीड फूट खाली असतात. किनाऱ्यावर पसरलेली मर्यादावेलही तुडवू नका, वाळू तीच धरून ठेवते.
- अंधार पडला की टॉर्च, मोबाईलचा उजेड बंद. पिल्लं समुद्र सोडून उजेडाकडे वळतात.
- पिल्लाला हात नाही. फोटोसाठीसुद्धा नाही!

आणि पाणी. उन्हाळ्यात कोकणातल्या विहिरीही तळ गाठतात. २०१६ साली आपल्याकडे रेल्वेनं पाणी आलं होतं, तेवढी आठवण ग्रुपला द्या. बादल्या आपोआप कमी होतील. दर-पॅकेजचं नंतर बघू.