तापीकाठची निसर्गफेरी: मुलांना वाळूवर उतरवावे का?

मार्चमध्ये भुसावळच्या शाळकरी मुलांना तापीकाठी निसर्गफेरीसाठी न्यायचे आहे, तर काय दाखवावे आणि त्यांना नदीपात्रातील वाळूत मोकळे सोडावे का, असे आपण विचारले आहे. माझे स्पष्ट मत असे की फेरी काठाकाठानेच न्यावी, वाळूच्या बेटांवर उतरू नये.

नदी टिटवी, कंठेरी चिलखा आणि नदी सुरय हे पक्षी याच सुमारास उघड्या वाळूवर अंडी घालू लागतात. घरटे म्हणजे नुसता उथळ खळगा असतो आणि मातकट, ठिपकेदार अंडी आजूबाजूच्या खड्यांत अशी मिसळून जातात की पाऊल पडेपर्यंत ती दिसत नाहीत. माणसाच्या चाहुलीने पक्षी उठला, की आपल्या खान्देशी उन्हात उघडी पडलेली अंडी पाहता पाहता निकामी होतात. टिटवी पोटाची पिसे पाण्यात भिजवून पुन्हा अंड्यांवर येऊन बसते, ते मात्र काठावरून दुर्बिणीने अवश्य दाखवावे.

सर्वांत जास्त वेळ पाण्याने कापलेल्या दरडीसमोर द्यावा. पुराला जोर होता तेव्हा गोटे आणि जाड वाळू पडली, पाणी पसरून संथ झाले तेव्हा बारीक पोयटा बसला. हे थर उभ्या दरडीत एकावर एक स्पष्ट दिसतात आणि त्यांतल्या मऊ थरांत वेडे राघू बिळे कोरतात. दरड ढासळते, म्हणून मुलांना तिच्यापासून चांगले दूर उभे करावे. तेथून जवळच्या बाभळींकडे पाहायला सांगावे: डोक्याहून उंच फांद्यांत अडकलेला काडीकचरा आणि चिंध्या प्रवाहाच्या दिशेने विंचरल्यासारख्या वळलेल्या असतात. पावसाळ्यात हतनूर धरणाचे ४१ दरवाजे उघडले म्हणजे पाणी कोठवर येते, हे आकडे सांगून समजणार नाही ते या बाभळी समजावतात.

पळस फुललेला असतोच, त्यासाठी वेगळे थांबण्याची गरज नाही. वेळ असल्यास तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवला जावे. तेथे धरणाचे पाणी ओसरेल तशी उघडी पडणारी जमीन आणि तिच्यावरची गाळपेर पाहता येते, आणि पूर शेतकऱ्याला काय देऊन जातो हे मुले त्यालाच विचारू शकतात.

सूर्योदयाला निघून नऊपर्यंत परतावे. धरणाच्या खालच्या बाजूस जाणार असाल तर पाणी सोडले जाणार आहे का, याची आदल्या दिवशी पाटबंधारे खात्याकडे चौकशी करावी.