इंग्रजीत ‘जेम्सचं’ असं लिहिताना मुलीने ‘जेम्स’पुढे अपॉस्ट्रॉफी-एस (’s) लिहिलं, बाईंनी नुसता अपॉस्ट्रॉफी (’) हवा म्हणून मार्क कापला. बरोबर कोण?

दोन्ही चालतं, त्यामुळे मार्क कापायला नको होता. 2006 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात कॅन्सस राज्याचा मृत्युदंडाचा एक खटला होता. बहुमताचा निकाल लिहिणाऱ्या न्यायमूर्ती थॉमस यांनी ‘कॅन्सस’पुढे नुसता अपॉस्ट्रॉफी दिला आणि विरोधी मत लिहिणाऱ्या न्यायमूर्ती सूटर यांनी अपॉस्ट्रॉफी-एस. एकाच खटल्यात दोन्ही रूपं छापली गेली. माझं मत मुलीच्या बाजूने आहे. आपण ‘जेम्सिझ बुक’ म्हणतो, तो जादा उच्चार कानाला ऐकू येतो, मग लिहायला काय हरकत?

पण खरा घोळ होतो तो अनेकवचनात, आणि त्याबद्दल मला बोलायचंच आहे.

मी छापखान्यात मुद्रितशोधनाचं काम करतो. एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेची बालदिनाची स्मरणिका आमच्याकडे आली होती. मुखपृष्ठावर ठळक टायपात ‘चिल्ड्रन्स डे’, आणि अपॉस्ट्रॉफी एसच्या नंतर! मी लाल पेनने तो एसच्या आधी घेतला, समासात कारणही लिहिलं. प्रूफ परत आलं ते माझ्या खुणेवर काट मारून. खाली शेरा होता, ‘मुलं अनेक आहेत. आहे तसंच ठेवा.’ मी फोन लावला. सर म्हणाले, “अहो, मी इतकी वर्षं इंग्रजी शिकवतोय. अनेकवचन आलं की अपॉस्ट्रॉफी एसच्या नंतर. तुम्ही स्पेलिंग तेवढं बघा.” मालक म्हणाले, गिऱ्हाईक सांगेल ते छाप. छापलं. 14 नोव्हेंबरला ती स्मरणिका शाळेतल्या मुलांच्या हातात पडली. छापलेलं ते खरं असं मुलं मानतात, म्हणून त्याचा राग अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

सरांचा नियम अर्धवट होता. आधी विचारायचं, हे कोणाचं? उत्तर येईल तो शब्द पूर्ण लिहायचा आणि मगच अपॉस्ट्रॉफी द्यायचा. ‘टीचर्स’ पूर्ण लिहिलं की एस आलेलाच असतो, म्हणून टीचर्स डेला नुसता अपॉस्ट्रॉफी पुरतो. ‘चिल्ड्रन’ मुळातच अनेकवचन आहे. एसशिवायच तो शब्द पूर्ण होतो, म्हणून आधी अपॉस्ट्रॉफी आणि मग एस. ‘मेन’ आणि ‘विमेन’चंही तेच. दर वर्षी 8 मार्चला निम्म्या फ्लेक्सवर विमेन्स डेचा अपॉस्ट्रॉफी एसच्या पलीकडे लटकलेला असतो. मदर्स डे तर जगभरच्या आयांचा, तरी तिथे एकवचन आहे. तो दिवस सुरू करणाऱ्या अ‍ॅना जार्विस यांचा आग्रहच होता की प्रत्येकाने आपापल्या आईचा मान करावा. म्हणजे ‘अनेक आहेत’ एवढ्यावर अपॉस्ट्रॉफीची जागा ठरत नाही. सरांना हे मला फोनवरच सांगायचं होतं, पण त्यांनी तो आधीच ठेवला.

तुमच्या प्रश्नाचं थोडं राहिलं. ‘जीझस’ आणि ‘मोझेस’ या नावांपुढे नुसता अपॉस्ट्रॉफी देण्याची जुनी रीत आहे, बाई बहुधा तीच सगळीकडे लावत असाव्यात. ‘त्याचं’ या अर्थाच्या ‘इट्स’ला अपॉस्ट्रॉफी अजिबात नको. आणि ठिकाणांच्या नावांवरून नियम शोधू नका. लंडनच्या भुयारी रेल्वेच्या पिकाडिली लाइनवर अर्ल्स कोर्ट स्टेशनला अपॉस्ट्रॉफी आहे, लगेच पुढच्या बॅरन्स कोर्टला नाही. नाव जसं असेल तसंच लिहायचं.

बाईंना जाऊन भेटा. आवाज चढवू नका, पण नुसता अपॉस्ट्रॉफीच हवा हे कोणत्या पुस्तकात आहे ते विचारा. शाळेने तीच पद्धत ठरवली असेल तर परीक्षेपुरतं मुलीने तसं लिहावं. पुस्तक दाखवता आलं नाही तर मात्र मार्क परत मागा.