भाड्याच्या घरातील सुरक्षेच्या मागण्या आणि मालकाची जबाबदारी

म्हापशाच्या तळमजल्यावरील भाड्याच्या घरात पावसाळ्यात गिझरच्या नळाला हात लावताच झिणझिण्या येतात, मागच्या दाराची कडी सैल आहे, दोन खिडक्यांना लोखंडी जाळी नाही, आणि मालक ‘हवे तर तुमच्या खर्चाने करा’ म्हणतात, असे आपण लिहिले आहे. या तिन्ही मागण्या एकाच दमात केल्याने घोटाळा झाला, असे मला वाटते.

गिझर आजपासून बंदच ठेवावा. फोंड्याचे माझे चिरेबंदी घर भाड्याने दिलेले आहे. तेथील भाडेकरूने एका जुलैत हीच तक्रार केली, तेव्हा ‘भिंतीला ओल आली असेल’ म्हणून मीही दोन दिवस टाळाटाळ केली. वायरमनने बोर्ड उघडला, तर अर्थिंगची हिरवी तार पट्टीला न जोडता नुसती मागे दुमडून ठेवलेली होती आणि आरसीसीबीचे, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणाऱ्या खटक्याचे, ‘टी’ (टेस्ट) अक्षराचे बटण दाबूनही तो पडत नव्हता. खर्च अर्थातच मी केला. तो उपकार नव्हता.

आपला करार अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे केवळ राहण्याच्या परवानगीचा असेल, तर सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ५७ नुसार, जागेतील जो धोकादायक दोष मालकाला ठाऊक आहे आणि राहणाऱ्याला नाही, तो सांगणे मालकावर बंधनकारक आहे. परंतु हे कलम दोष सांगायला लावते, दुरुस्त करायला नव्हे, त्यामुळे दुरुस्ती कोणाकडे हे करारातच पाहावे लागेल. भाडेपट्टा (लीज) असल्यास मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १०८ प्रमाणे सूचना देऊन वाजवी मुदत गेल्यावर स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करता येतो, मात्र ती दुरुस्ती मुळात मालकावर बंधनकारक असेल तरच. ही अट न वाचता भाडे कापणारे पुढे अडचणीत येतात.

कडी किरकोळ आहे. मालकाने बदलावी, कुलूप आपण आपले लावावे. जाळी मात्र नवी भर आहे, मोडलेले काही दुरुस्त करणे नव्हे. तिला मालकाची लेखी संमती घ्यावी, निम्मा खर्च देऊ करावा, घर सोडताना जाळी कोणाची हेही लिहून घ्यावे, आणि एक जाळी आतून उघडणारी करावी, कारण आगीच्या वेळी तीच वाट असते.

बोर्डाचे छायाचित्र जोडून, विजेपुरती दोन दिवसांची मुदत देणारे पत्र आजच पाठवावे. जाळीचा उल्लेख त्यात नको. तो विषय चतुर्थीनंतर निवांत काढावा.