आजारपणात, अपघातात किंवा नोकरी गेल्यास पगाराची भरपाई देणारा विमा कोणता घ्यावा?

तुम्ही लिहिले आहे की गोव्यातील वेर्णा औद्योगिक वसाहतीत कंत्राटदारामार्फत नोकरी आहे, पगार 18,000 रुपये आहे, केप्याहून रोज दुचाकीने ये-जा करता आणि एका एजंटाने ‘नोकरी गेल्यास पगार देणारी’ पॉलिसी सुचवली आहे. कारखान्याच्या वेतन विभागात माझी बरीच वर्षे गेली आहेत, त्या अनुभवावरून आग्रहाने सांगतो की एजंटाला पैसे देण्यापूर्वी पगाराची स्लिप काढून तिच्यावर ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेची, कपात आहे का ते पाहा. 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराच्या वेतनातून 0.75 टक्के कापले जातात आणि मालक 3.25 टक्के भरतो. तुमच्या बाबतीत हे अनुक्रमे 135 आणि 585 रुपये होतात. बुडालेल्या पगाराची भरपाई करणारा याहून स्वस्त आणि भक्कम विमा तुमच्या पगारात बाजारात मिळणार नाही, आणि बहुतेक कामगार मात्र त्याला केवळ मडगावच्या ईएसआय इस्पितळात औषधे मिळवण्याचे कार्ड समजतात.

महिन्याचे तीस दिवस धरले तर तुमचे रोजचे सरासरी वेतन 600 रुपये येते. आजारपणात त्याच्या 70 टक्के, म्हणजे दिवसाला 420 रुपये, वर्षाला जास्तीत जास्त 91 दिवस मिळतात. आजारपणाचे पहिले दोन दिवस सहसा त्यात धरले जात नाहीत. क्षयरोग, कर्करोग यांसारख्या ठरावीक दीर्घ आजारांसाठी दर 80 टक्के होतो आणि मुदत दोन वर्षांपर्यंत वाढू शकते. साध्या आजारपणाच्या लाभाची अट अशी की एप्रिल ते सप्टेंबर किंवा ऑक्टोबर ते मार्च या सहामाहीत निदान 78 दिवसांची वर्गणी भरलेली असावी. पहिल्या सहामाहीच्या वर्गणीवर पुढील जानेवारी ते जून आणि दुसरीच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबर या काळात लाभ मिळतो. आजारपणाचा लाभ चालू असताना मालकाला कामावरून काढता येत नाही, हे संरक्षणही ईएसआयच्या नियमांत आहे.

तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचा भाग अपघाताचा आहे. कामावर इजा झाली तर पहिल्या दिवसापासून 90 टक्के, म्हणजे तुम्हाला रोज 540 रुपये, बरे होईपर्यंत मिळतात आणि त्यासाठी 78 दिवसांची अट नाही. घरून कामावर जाताना किंवा कामावरून परतताना झालेला अपघातही, वेळ, ठिकाण आणि परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध दिसत असेल तर, 2010 च्या दुरुस्तीपासून कामावरची इजा मानला जातो. पाळी सुटल्यावर केप्याच्या वाटेवर दुचाकी घसरून पाय मोडला तर माणसे थेट गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) किंवा जवळच्या खासगी दवाखान्यात जातात, हे योग्यच आहे. पण कंपनीला त्याच दिवशी कळवून अपघाताची नोंद करवून घेणे आणि ईएसआयच्या डॉक्टरांकडून रजेचे प्रमाणपत्र घेणे राहून जाते. केवळ खासगी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर सहसा भागत नाही, आणि हक्काचे पैसे बहुतेक वेळा येथेच अडकतात.

कंत्राटी कामगाराने आणखी एक काळजी घ्यावी. स्लिपवर कपात दिसते, पण पैसे भरलेच नाहीत, असे प्रकार मी पाहिले आहेत. आपला विमा क्रमांक घेऊन ईएसआयच्या संकेतस्थळावर वर्गणीचे दिवस दर सहामाहीला तपासा. कंत्राटदाराने भरणा केला नसेल तर मुख्य कंपनीवर त्याची जबाबदारी येते, म्हणून तक्रार तिच्या व्यवस्थापनाकडेही लेखी करा.

नोकरी गेल्यास ‘अटल बीमित व्यक्ति कल्याण योजने’त सरासरी वेतनाच्या 50 टक्के, आयुष्यात एकदाच, 90 दिवसांपर्यंत मिळतात; तुमच्या वेतनावर ही रक्कम 27,000 रुपये होईल. त्यासाठी निदान दोन वर्षे विमाधारक असावे लागते आणि गैरवर्तनामुळे काढलेल्याला लाभ नाही. योजना मुदतीची असून मुदत वेळोवेळी वाढवली जाते, म्हणून ती चालू आहे का, हे ईएसआयच्या कार्यालयात आधी विचारून घ्यावे. गोव्यात 2012 मध्ये आणि पुन्हा 2018 मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा डिचोली, सत्तरी, सांगे भागांतील कितीतरी घरांची कमाई थांबली. खाणी तेव्हाच्या ईएसआय कायद्यातील कारखान्याच्या व्याख्येत येत नसल्याने खाणींवर काम करणाऱ्यांना असा आधार नव्हता, ही उणीव मला फार गंभीर वाटते.

आता एजंटाच्या पॉलिसीविषयी. असे संरक्षण आपल्याकडे बहुधा गृहकर्जाच्या किंवा दुसऱ्या विम्याला जोडून मिळते आणि त्यातून फार तर तीन हप्ते भरले जातात. राजीनामा, असमाधानकारक काम, कंत्राटाची मुदत संपणे ही कारणे सहसा वगळलेली असतात, आणि पुष्कळ पॉलिसींत कंत्राटी कामगार पात्रच नसतो. तुम्ही ती घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. साधा आरोग्यविमा किंवा आपल्या गोवा सरकारची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना इस्पितळाचा खर्च देते, पगार देत नाही, हेही ध्यानात ठेवा.

पगार 21,000 रुपयांच्या वर गेला की ती सहामाही संपल्यावर ईएसआयची वर्गणी थांबते आणि तिच्यावरचा लाभ पुढच्या लाभकाळापुरताच उरतो. त्या वेळी मात्र खासगी विमा खरोखर लागेल. वैयक्तिक अपघात विमा घेताना काम बंद असेपर्यंत दर आठवड्याला भरपाई देणारे कलम त्यात आहे का, हे वाचून पाहा, कारण केवळ मृत्यू आणि कायमचे अपंगत्व एवढ्यावर थांबणाऱ्या पॉलिसी स्वस्त असल्या तरी तीन महिने प्लॅस्टरमध्ये पडलेल्या माणसाला काहीच देत नाहीत. त्याच्या जोडीला गंभीर आजाराचे निदान होताच एकरकमी पैसे देणारी पॉलिसी घ्यावी आणि तिचा सुरुवातीचा प्रतीक्षाकाळ, जो बहुधा 90 दिवसांचा असतो, ईएसआयचे संरक्षण संपण्याआधीच पार पडेल अशा बेताने अर्ज करावा.