सेवापुस्तकातलं रजेचं पान: वाचकांचे प्रश्न

बत्तीस वर्षं आस्थापना शाखेत काम केलं. कनिष्ठ लिपिक म्हणून रुजू झाले आणि कार्यालय अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. त्यातली निम्मी वर्षं रजेच्या नस्त्या (फायली) हाताळण्यात गेली. 'महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, 1981' हे पुस्तक 15 ऑगस्ट 1981 पासून लागू आहे. शासकीय कार्यालयांत आणि बहुतांशी जिल्हा परिषदांतही रजेचा कारभार त्याच्याच आधारे चालतो. गेल्या दोन महिन्यांत आलेल्या प्रश्नांपैकी पाच इथे घेतले आहेत. नावं, तालुके गाळले आहेत.

प्रश्न: मी सहा महिन्यांपूर्वी आस्थापना लिपिक म्हणून रुजू झालो. एका सहकाऱ्याने बहिणीच्या लग्नासाठी बारा दिवसांची अर्जित रजा (सेवेतून जमा होणारी पूर्ण पगारी रजा) मागितली. शिल्लक भरपूर आहे. साहेब म्हणाले, "रजा हा हक्क नाही, नामंजूर लिही." दुसऱ्या एका अर्जावर म्हणाले, "अर्जित नको, अर्धवेतनी दे." मी टिपणीत काय लिहू?

साहेबांनी सांगितलं ते नियम 10 मध्ये आहे. रजा हक्क म्हणून मागता येत नाही; लोकसेवेची निकड असेल तर मंजुरी देणारा प्राधिकारी ती नाकारू शकतो, दिलेली रद्दही करू शकतो. पण पुढचं वाक्यही वाचा. कर्मचाऱ्याने जी रजा मागितली आहे आणि जी त्याच्या खाती शिल्लक आहे, तिचा प्रकार त्याच्या लेखी विनंतीशिवाय बदलता येत नाही. त्यामुळे दुसऱ्या अर्जाचं उत्तर सरळ आहे: "अर्जित नको, अर्धवेतनी दे" असं कार्यालयाला करता येत नाही. टिपणीत नियमाचा क्रमांक घालून तेवढंच लिहा. साहेब रागावणार नाहीत. आपल्या सहीची चूक लेखापरीक्षणात निघू नये, असं प्रत्येक अधिकाऱ्याला वाटतं.

पहिल्या अर्जात 'निकड' हा शब्द महत्त्वाचा. निवडणुकीचं काम, अधिवेशन, मार्चअखेर, पूरपरिस्थिती ही निकड. "माणसं कमी आहेत" ही बहुतेक कार्यालयांची बाराही महिन्यांची अवस्था असते, तिला निकड म्हणता येत नाही. टिपणीत तीन गोष्टी मांडा: रजेची शिल्लक, त्या बारा दिवसांत त्या कार्यासनाकडे (टेबलाकडे) कोणतं मुदतीचं काम आहे, आणि ते कोण सांभाळेल. पर्यायी कर्मचाऱ्याचं नाव टिपणीत दिसलं की दहापैकी आठ साहेब 'मंजूर' लिहितात. नामंजूर झालीच, तर आदेशात कारण आलं पाहिजे. कारणाविना नामंजुरी झाली की माणूस पुढच्या वेळी अर्जच करत नाही, परस्पर गैरहजर राहतो आणि मग तुमच्याच टेबलावर मोठी नस्ती तयार होते.

मंजुरीच्या आदेशातलं शेवटचं वाक्य विसरू नका: "सदर कर्मचारी रजेवर गेले नसते तर त्याच पदावर कार्यरत राहिले असते, असे प्रमाणित करण्यात येते." नवे लिपिक हे शोभेचं समजून गाळतात. रजेच्या काळातलं वेतन आणि वेतनवाढ या दाखल्याच्या आधारे चालतात.

प्रश्न: रविवारला जोडून किरकोळ रजा आणि पुढे चार दिवस अर्जित, असं घेता येईल का?

नाही. किरकोळ म्हणजे नैमित्तिक रजा अन्य कोणत्याही रजेला जोडता येत नाही. सलग अर्जित घ्या आणि मागे-पुढे येणाऱ्या सुट्या जोडण्याची परवानगी त्याच अर्जात मागा. 29 फेब्रुवारी 2020 पासून राज्यात पाच दिवसांचा आठवडा आहे, त्यामुळे सोमवार ते शुक्रवार अशा पाच दिवसांच्या अर्जित रजेत दोन्ही बाजूंचे शनिवार-रविवार धरून नऊ दिवस मिळतात.

प्रश्न: माझे पती एका शासकीय कार्यालयात वाहनचालक आहेत. वय 44. मागच्या वर्षी त्यांना मानसिक आजाराचा तीव्र झटका आला. मी घाबरून गेले होते, कार्यालयात फक्त फोन केला, अर्ज दिला नाही. अकरा महिने उपचार चालले. आता डॉक्टर म्हणतात, कामावर जाऊ शकतात. पण कार्यालयाने 'अनधिकृत गैरहजर' म्हणून नोटीस काढली आहे. नोकरी जाईल का?

ताई, पत्र दोनदा वाचलं. आधी धीर धरा. या प्रकरणात अजून बरंच काही हातात आहे.

2012 साली सर्वोच्च न्यायालयाने केंद्र सरकारच्या एका कर्मचाऱ्याच्या खटल्यात स्पष्ट सांगितलं की गैरहजेरी हेतुपुरस्सर होती हे सिद्ध झाल्याशिवाय तिला कर्तव्यातली कसूर म्हणता येत नाही. आजारपण, अपघात, रुग्णालयात भरती अशी कारणं माणसाच्या हातात नसतात. दुसरा आधार आहे दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016. त्याच्या परिशिष्टात मानसिक आजाराचा समावेश आहे. नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं तर शासकीय आस्थापनेला त्या कारणाने कर्मचाऱ्याला काढता येत नाही, पदावनतही करता येत नाही, असं कलम 20 सांगतं. जुनं काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं पद, तेही नसेल तर अधिसंख्य (मंजूर संख्येपलीकडचं जादा) पद द्यावं लागतं. चालकाच्या बाबतीत हे विशेष लक्षात ठेवा. गाडी चालवायला डॉक्टरांची हरकत असेल, तर ती लपवू नका.

आता काय करायचं ते सांगते. नोटिशीचं उत्तर मुदतीत द्या, मुदत संपली असेल तर उद्याच द्या. उत्तरात मोजकं लिहा: आजार कधी सुरू झाला, कोणत्या रुग्णालयात उपचार झाले, कार्यालयाला कोणत्या तारखेला फोन केला, कोणाशी बोललात. सोबत भरतीचे आणि सुटीचे कागद, औषधांच्या चिठ्ठ्या, संपूर्ण कालावधीचं वैद्यकीय प्रमाणपत्र आणि कामावर येण्यास योग्य असल्याचा दाखला जोडा. उपचार खासगी दवाखान्यात झाले असतील तर कार्यालय जिल्हा शल्यचिकित्सकांकडे किंवा वैद्यकीय मंडळाकडे पाठवेल. त्याला नाही म्हणू नका, तो कागद तुमच्याच बाजूने उभा राहतो. अर्ज हाती दिलात तर दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्या, नाहीतर स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपा. फोनची पोच मिळत नसते.

रजेचा हिशोब मी तुमच्या पत्रातल्या आकड्यांवरून मांडून पाहिला. अकरा महिने म्हणजे साधारण 335 दिवस. अर्जित रजा शिल्लक 46, अर्धवेतनी 180. वैद्यकीय प्रमाणपत्रावर अर्धवेतनी रजा परिवर्तित करून मिळते, म्हणजे पूर्ण पगारी 90 दिवस, आणि खात्यातून 180 वजा होतात. 46 आणि 90 मिळून 136. राहिले 199 दिवस. त्यासाठी अनर्जित रजा हा मार्ग आहे. संपूर्ण सेवेत ती कमाल 360 दिवस, अर्ध्या पगारावर मिळते आणि पुढे मिळणाऱ्या अर्धवेतनी रजेतून फेडावी लागते. वर्षाला 20 दिवस अर्धवेतनी जमा होते. वयाच्या 58 पर्यंत चौदा वर्षं सेवा उरली आहे, म्हणजे 280 दिवस. 199 त्यात बसतात. एकच अट: माणूस कामावर परत येण्याची वाजवी शक्यता आहे, अशी मंजुरी देणाऱ्याची खात्री पटली पाहिजे. म्हणून तो योग्यतेचा दाखला सर्वांत वर लावा. पुढे त्यांनी स्वतःहून राजीनामा दिला तर न फेडलेल्या दिवसांचं रजावेतन वसूल होऊ शकतं, हेही मनात असू द्या.

कार्यालयाने अनर्जित रजा नाकारली, तर उरलेला काळ वैद्यकीय कारणावरची असाधारण रजा म्हणून नियमित करण्याची विनंती करा. तिला पगार नाही. पण आदेशात 'वैद्यकीय प्रमाणपत्रावर' हे दोन शब्द आलेच पाहिजेत. ते असतील तर तो काळ वेतनवाढीसाठी आणि निवृत्तिवेतनासाठी धरता येतो, नसतील तर वेतनवाढ पुढे सरकते. गैरहजेरीचा काळ मागाहून असाधारण रजेत बदलण्याचा अधिकार प्राधिकाऱ्याला नियम 63 ने दिला आहे. तुमची विनंती नियमाबाहेरची नाही.

ही नस्ती जिच्या टेबलावर आहे त्या लिपिकालाही मला काही सांगायचं आहे. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मी एका शिपायाच्या हजेरीपटावर सलग चाळीस दिवस तांबड्या शाईने 'वि.प.' लिहिलं, विनापरवानगी गैरहजर. पगार थांबला. नंतर त्यांच्या मुलीने आणलेला अर्ज टपालात सापडला. आवक क्रमांक पडलेला, दुसऱ्याच कार्यासनाच्या गठ्ठ्यात, टाचणीने रुग्णालयाची चिठ्ठी लावलेली. टाचणीला गंज चढून कागदावर तांबूस डाग पडला होता. ते गृहस्थ पक्षाघाताने अंथरुणाला खिळले होते. नियमांत पक्षाघात, कर्करोग, क्षयरोग, कुष्ठरोग यांसाठी वेगळ्या विशेष रजेची तरतूद आहे, आणि मी ती न बघताच शेरा मारला होता. तेव्हापासून कोणीही सात दिवस न सांगता आलं नाही, की मी आधी आवक नोंदवही बघायची, मग घरी फोन करायची, आणि त्यानंतरच नोटिशीचा मसुदा करायची.

प्रश्न: मी परिविक्षाधीन आहे, म्हणजे अजून कायम झालेली नाही. पहिल्या बाळंतपणासाठी 180 दिवसांची रजा मागितली तर कार्यालय म्हणतं, आधी शिल्लक अर्जित संपवा, उरलेले दिवस प्रसूती रजेतून देऊ. हे बरोबर का? आणि आमच्याकडच्या कंत्राटी परिचारिकांना काही मिळतं का?

बरोबर नाही. प्रसूती रजा तुमच्या रजाखात्यातून वजा होतच नाही. राज्यात ती 2009 पासून 180 दिवस आहे, पूर्ण पगारी, आणि दोनपेक्षा कमी हयात अपत्यं असताना मिळते. अर्जित रजा तुम्हाला हवी असेल तर प्रसूती रजेला पुढे जोडून मागता येते, पण ती तुमची निवड. अर्जात नियम 74 चा उल्लेख करा आणि 'रजाखाती खर्ची न घालता' असं स्पष्ट लिहा.

त्यानंतर बालसंगोपन रजाही आहे. जुलै 2018 च्या शासन निर्णयाने राज्यातल्या महिला कर्मचाऱ्यांना, मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत, एकूण 180 दिवस मिळाले. पत्नी हयात नसलेल्या पुरुष कर्मचाऱ्यालाही ती मिळते, हे अनेक कार्यालयांत माहीतच नसतं. (केंद्राच्या कर्मचाऱ्यांना ती 730 दिवस आहे. बँकेतल्या किंवा रेल्वेतल्या मैत्रिणीच्या आकड्याशी आपला ताडून पाहू नका, नियमच वेगळे आहेत.)

कंत्राटी परिचारिकांबद्दल विचारलंत ते फार चांगलं केलंत. दिल्ली महानगरपालिकेच्या हजेरीपटावरच्या रोजंदार महिलांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2000 सालीच सांगितलं की प्रसूतीचे लाभ कायम आणि रोजंदार असा भेद करून नाकारता येत नाहीत. 2023 मध्ये त्याच न्यायालयाने पुढे म्हटलं की करार मध्येच संपला, तरी प्रसूती लाभ कायद्याने मिळायचा तो पूर्ण काळाचा लाभ द्यावा लागतो. त्यांचा अर्ज "कंत्राटी आहेत, तरतूद नाही" असा शेरा मारून परत करू नका. या निर्णयांचा उल्लेख करून नस्ती वर पाठवा.

प्रश्न: मी पुढच्या मे महिन्यात निवृत्त होतो. सेवापुस्तकात 1998 ते 2004 या सहा वर्षांचं रजाखातं कोरं आहे. तेव्हा माझ्या तीन बदल्या झाल्या होत्या. आताचं कार्यालय म्हणतं, ती वर्षं सोडून रोखीकरण (शिल्लक अर्जित रजेचे पैसे) देऊ. माझं किती नुकसान आहे?

बरंच आहे, म्हणूनच आजच कामाला लागा. अर्जित रजा वर्षाला 30 दिवस जमा होते, 1 जानेवारीला 15 आणि 1 जुलैला 15, साठवणीची कमाल मर्यादा 300. सहा वर्षं म्हणजे 180 दिवसांची जमा. त्यातून घेतलेली रजा वजा करूनच शिल्लक निघेल, पण जमाच धरायची नाही हे कुठल्याही नियमात बसत नाही. निवृत्तीच्या दिवशीचं मूळ वेतन अधिक महागाई भत्ता, भागिले 30, गुणिले शिल्लक दिवस. आकडा तुम्हीच मांडून बघा.

रजाखातं कोरं राहिलं यात तुमची चूक नाही. ते लिहिणं हे कार्यालयाचं काम होतं. पण पुरावा गोळा करायला तुम्हीच धावलात तर काम लवकर होईल. तिन्ही जुन्या कार्यालयांना आताच्या कार्यालयप्रमुखांच्या सहीचं पत्र जाऊ द्या. मागायचं ते नेमकं मागा: त्या काळातली वेतन देयकं, हजेरीपट, रजा मंजुरीचे आदेश आणि बदलीच्या वेळची अंतिम वेतन प्रमाणपत्रं. सर्वांत जास्त उपयोग वेतन देयकांचा होतो, कारण अर्धवेतनी किंवा बिनपगारी रजा घेतली असेल तर त्या महिन्याच्या आकड्यात ती दिसते. बिनपगारी असाधारण रजा निघालीच, तर तिच्या एक दशांशाइतके दिवस पुढच्या सहामाहीच्या जमेतून कमी होतात. उदाहरणार्थ, आधीच्या सहामाहीत 40 दिवस असाधारण रजा असेल तर 15 ऐवजी 11 जमा. तुमच्याकडे दुय्यम सेवापुस्तक (कर्मचाऱ्याकडची दुसरी प्रत) असेल तर ते आधी काढा. मी हाताळलेल्या अशा दोन प्रकरणांत मूळ पुस्तकातलं कोरं पान दुय्यम पुस्तकात भरलेलं सापडलं होतं.

कागद मिळालेच नाहीत, तर उपलब्ध नोंदींवरून रजाखातं तयार करून सक्षम प्राधिकाऱ्याची मान्यता घेण्याचा प्रस्ताव कार्यालयाला करायला सांगा, आणि तोही लेखी. हो-नाही करत निवृत्तीनंतर पैसे अडवले गेले, तर झारखंडच्या एका कर्मचाऱ्याच्या खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा 2013 चा निकाल अर्जात नमूद करा. निवृत्तिवेतन, उपदान (ग्रॅच्युइटी) आणि रजा रोखीकरण ही कर्मचाऱ्याची मालमत्ता आहे, नियमाच्या आधाराशिवाय ती रोखता येत नाही, असं त्यात म्हटलं आहे.

नवं रजाखातं तयार झालं की प्रत्येक सहामाहीची ओळ स्वतः तपासा. बेरीज पेन्सिलीने करून पाहा, मगच सही करा. पानाची प्रमाणित प्रत त्याच दिवशी मागून घ्या, मे महिन्यापर्यंत थांबू नका.