गावाकडचं माळवदाचं घर भूकंपात टिकेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: निलंगा तालुक्यात आजोबांच्या काळातलं दगड-मातीचं माळवद (वर मातीचं सपाट छत असलेलं घर) आहे, आई-वडील तिथंच राहतात, मधूनमधून जमिनीतून गूढ आवाज येतात. किल्लारीसारखं पुन्हा होईल का, आणि घर ठेवावं की पाडावं?

पहिल्याचं उत्तर कुणीच तारीख-वार देऊ शकत नाही. जो देतो तो व्हॉट्सॲपवर बसलेला असतो. दुसऱ्याचं मात्र देता येतं. मी बांधकामावर सुपरवायझर म्हणून वीसेक वर्षं काढली आहेत, आणि 1993 साली किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा उमरगा तालुक्यात अकरा वर्षांचा होतो.

29 सप्टेंबरला अनंत चतुर्दशी. विसर्जन करून लोक उशिरा घरी आले आणि अंथरुणावर पडले ते मेल्यासारखे झोपले. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी धक्का बसला. आमचं घर पत्र्याचं होतं, कारण माळवद बांधायची ऐपत नव्हती. समोरच्या वाड्याच्या जाड भिंतींचा मला फार हेवा वाटायचा, उन्हाळ्यात तर जास्तच. सकाळी त्या वाड्याच्या जागी ढिगारा होता आणि आमच्या चार पत्र्यांखालून आम्ही सगळे बाहेर आलो होतो. नंतर पाऊस लागला, ढिगाऱ्यातल्या मातीचा चिखल झाला. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. लातूर-उस्मानाबाद मिळून जवळपास दहा हजार माणसं गेली.

भूकंप 6.2 तीव्रतेचा होता. जगाच्या हिशोबात हा फार मोठा नव्हे. पण केंद्र जमिनीखाली जेमतेम दहा-बारा किलोमीटरवर होतं, वेळ झोपेची होती, आणि वर माळवदं होती.

माळवदाची भिंत दोन-तीन फूट जाड दिसते, पण ती एक भिंत नसतेच. आतून एक थर, बाहेरून एक थर, मधे माती आणि दगडाच्या कपऱ्या. दोन्ही थरांना धरून ठेवणारा आरपार दगड गवंड्याने घातलेला नसेल, तर हादऱ्यात दोन्ही थर फुगून वेगळे होतात आणि ढासळतात. त्यात छतावर दर पावसाळ्याआधी पांढऱ्या मातीचा नवा थर. आजोबांनी टाकला, वडिलांनी टाकला, जुना कुणी काढला नाही. काही छतांवर दोन फूट माती निघाली आहे. हे सगळं झोपलेल्या माणसावर येतं.

म्हणून गावी गेलात की पहिल्यांदा वर बघा: तुळया भिंतीत खोचल्या आहेत की लाकडी खांबांवर बसल्या आहेत? किल्लारी भागात जिथं खांब-तुळयांचे खण धड होते, तिथं कित्येक घरांच्या भिंती पडल्या तरी छत खांबांवर उभं राहिलं. खांब असतील आणि वाळवी नसेल तर घर लगेच पाडू नका. माती उतरवून हलकं छत करा, पत्रे हुकांनी नीट आवळा. उन्हाळ्यात वडील कुरकुर करतील, करू द्या. भिंतीत तीन-चार फुटांवर आरपार भोक पाडून त्यात सळई घालून काँक्रीट भरता येतं, आणि दारा-खिडक्यांच्या वर चारी भिंती बांधणारा पट्टा घालता येतो. भिंतीला पोट आलं असेल तर मात्र त्या खोलीत आजपासून कुणी झोपू नये.

आता आपल्याकडे भूकंप का होतो ते. भारत ज्या भूपट्ट्यावर आहे, तो वर्षाला साधारण पाच सेंटिमीटर उत्तरेकडे सरकतो आणि हिमालयाला रेटतो. त्या रेट्याचा ताण इथल्या खडकातल्या जुन्या भेगांवरही साचतो. आपल्याकडचा काळा पाषाण अखंड वाटतो, पण किल्लारीत तो साडेतीनशे मीटरही जाड नाही. त्याखाली कितीतरी जुना ग्रॅनाइट आहे, आणि भेगा त्यातल्या. ज्वालामुखी-बिलामुखीच्या गप्पा त्या वेळीही उठल्या होत्या, त्यात तथ्य नाही. कोयनेची गोष्ट वेगळी: तिथं धरण भरल्यावर पाण्याच्या दाबाने भेगा सैल होतात. 11 डिसेंबर 1967 चा भूकंप त्यातलाच मानतात.

जमिनीतले आवाज म्हणजे बहुतेक वेळा अगदी बारीक धक्का, उथळ असल्यामुळे हादरा न जाणवता नुसता कानाला लागतो. असे हजार आवाज येऊन काहीही होत नाही. पण किल्लारीतही 1992 मध्ये छोटे धक्के बसत होते. तेव्हा घाबरू नका, पण ती माती उतरवायचं पुढच्या दिवाळीवर ढकलू नका.

धक्का बसला तर काय? माळवदात तळमजल्यावर दाराजवळ असाल तर सरळ अंगणात, भिंतीपासून दूर. दाराच्या चौकटीत उभं राहू नका, वरचे दगड तिथंच पडतात. शहरातल्या फ्लॅटमध्ये उलट: जिन्याकडे आणि लिफ्टकडे पळायचं नाही, भक्कम टेबलाखाली डोकं सांभाळून बसायचं. उशाशी टॉर्च आणि चप्पल ठेवा, पायात काचा जातात. धक्का थांबला की सिलिंडरचा रेग्युलेटर बंद. कपाट भिंतीला स्क्रूने बांधा, पलंगावरच्या फळीवरचे हंडे-पातेली खाली काढा.

नवीन बांधणार असाल तर 'आरसीसी आहे, काळजी नाही' असं समजू नका. 26 जानेवारी 2001 ला भूजच्या धक्क्याने दोन-अडीचशे किलोमीटरवरच्या अहमदाबादेत इमारती पडल्या. त्यातल्या बऱ्याच इमारती खाली पार्किंगसाठी नुसते कॉलम, वर भिंतींचं ओझं, अशा होत्या. कॉलमच्या उभ्या सळयांभोवती बांधलेल्या रिंगांची टोकं आत, काँक्रीटच्या गाभ्याकडे वळवलेली हवीत. काटकोनात वाकवून सोडलेली रिंग हादऱ्यात उघडते. हे काँक्रीट ओतायच्या आधीच दिसतं, त्या दिवशी साइटवर हजर राहा. मिस्त्री वैतागतो. मीही वैतागायचो.

भिंतीची जाडी किती, छतावर माती किती आणि तुळया कशावर टेकल्यात, एवढं बघून लिहिलंत तर पत्रे घालावेत की एखादी खोली नवी बांधून आई-वडिलांना तिथं झोपवावं, हे नेमकं सांगता येईल.